दामलेमामा: हाताने कॅमेरा बनवणारा माणूस आणि ५७ आठवडे चाललेला अनपेक्षित हिट

काही पिक्चर असे असतात की रिलीजच्या आधी त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मोठा स्टार नसतो, विषय जुनाच असतो, दिग्दर्शकाचं नाव ऐकलेलं नसतं. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तिकीट मिळेनासं होतं. आज अशा पिक्चरची बातमी रील्समधून पसरते. पण हा प्रकार काही इंटरनेटने आणलेला नाही. माझ्या मते मराठीतला याचा सगळ्यात भारी किस्सा १९३६ सालचा आहे, आणि त्याच्या मध्यभागी जो माणूस आहे त्याला आज आपण सरळ हार्डवेअर इंजिनिअर म्हटलं असतं.

त्यांचं नाव विष्णुपंत गोविंद दामले. स्टुडिओत सगळे त्यांना दामलेमामा म्हणायचे. 'प्रभात' म्हटलं की आपल्याला व्ही. शांताराम आठवतात, ती तुतारी वाजवणारी बाई आठवते. दामल्यांचं नाव सहसा त्यानंतर येतं, कधी कधी येतच नाही. टेक्नॉलॉजीत रस असलेल्या मराठी माणसाने मात्र हे नाव आधी घ्यायला पाहिजे. का ते सांगतो.

पडदे रंगवणारी पोरं आणि एक मशीन

दामल्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, पेणचा. तरुणपणी ते कोल्हापुरात आले आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या भावांच्या सोबत कामाला लागले. हे दोघे चुलत-आते अशा नात्यातले भाऊ, आडनाव खरं मेस्त्री. पण नाटक कंपन्यांचे पडदे इतके सुंदर रंगवायचे की 'पेंटर' हेच नाव चिकटलं. त्या काळात संगीत नाटक म्हणजे आजचं मल्टिप्लेक्स, आणि रंगवलेला पडदा म्हणजे त्याचं व्हीएफएक्स. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं कापडावर रंगवायचं आणि लांबून खरं वाटायला लावायचं. दामले ही कला इथेच शिकले. इंजिनिअरिंग कॉलेजचं तोंड त्यांनी बघितलेलं नव्हतं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि कोल्हापूरच्या या मंडळींना सिनेमाचं वेड लागलं. सिनेमा दाखवण्याचा धंदा पेंटर बंधूंनी काही काळ करून बघितला. पण त्यांना सिनेमा बनवायचा होता आणि त्यासाठी कॅमेरा हवा. परदेशातून मागवायचा तर किंमत परवडणारी नाही, आणि त्यात पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. मग त्यांनी ठरवलं, आपणच बनवायचा.

इथे जरा थांबू, कारण ही गोष्ट वाचताना आपण पटकन पुढे जातो. कॅमेरा बनवायचा म्हणजे नक्की काय बनवायचं?

फोटोचा कॅमेरा तसा सोपा. अंधारी पेटी, पुढे भिंग, मागे फिल्म. सिनेमाच्या कॅमेऱ्यात मात्र एक विचित्र अट असते. फिल्म सतत पुढे सरकली पाहिजे आणि त्याच वेळी प्रत्येक फ्रेमसाठी ती एकदम स्थिर उभी राहिली पाहिजे. दोन्ही एकदम. नाहीतर चित्र पुसट येतं. म्हणून आत एक छोटा आकडा असतो. तो फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकतो, फिल्म एक फ्रेम खाली ओढतो, बाहेर निघतो, वर जातो, पुन्हा अडकतो. फिल्म सरकत असताना भिंगासमोर एक फिरती चकती आडवी येते आणि उजेड बंद करते. फिल्म थांबली की चकतीचा उघडा भाग समोर येतो आणि फोटो निघतो.

३५ मिलिमीटर फिल्मवर एका फ्रेमला चार भोकं, आणि एक फ्रेम म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. मूकपटांच्या काळात सेकंदाला १६ च्या आसपास फ्रेम घ्यायचे. म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म, सोळा वेळा थांबत, सोळा वेळा सरकत. आणि हे सगळं हाताने हँडल फिरवून. तुमच्या फोनमधला सेन्सर ३० किंवा ६० फ्रेम घेतो तेव्हा आत काहीच हलत नाही. इथे प्रत्येक फ्रेमला धातूचा एक तुकडा खरोखर वर-खाली होतोय. तो तुकडा केसभर चुकला तर पडद्यावर चित्र थरथरतं, कारण पडद्यावर तीच चूक शेकडो पट मोठी होऊन दिसते.

आता हे सुटे भाग १९१५-१६ च्या कोल्हापुरात बनवायचे. ड्रॉइंग नाही, मॅन्युअल नाही. यांच्याकडे एकच गोष्ट होती, प्रोजेक्टरची ओळख. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही सख्खी भावंडं. फिल्म थांबत-थांबत ओढायची युक्ती दोघांत तीच, फक्त उजेडाची दिशा उलटी. एकात उजेड आत येतो, दुसऱ्यातून बाहेर जातो. आमच्या धंद्यात याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. तयार वस्तू उघडायची आणि ती तशी का केली असेल हे मागे-मागे जात शोधायचं.

१९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अर्धवट होता. प्रोजेक्ट इथेच संपला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण बाबूरावांनी दामल्यांना बरोबर घेऊन ते काम पुढे चालवलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. देशी हातांनी बनलेला, कोल्हापुरात घडलेला कॅमेरा. कोल्हापुरात खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे तो याच इतिहासाचा. आमच्या कुरुंदवाडहून एसटीने कोल्हापूरला जाऊन लोक रंकाळा बघतात, अंबाबाई बघतात, तांबडा-पांढरा हाणतात आणि परत येतात. पुढच्या वेळी तिथेही एक चक्कर मारा.

पहिला धक्का: 'सैरंध्री'

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसे दिले तानीबाई कागलकर या गायिकेने. छत्रपती शाहू महाराजांनीही पाठबळ दिलं. आणि या घरच्या कॅमेऱ्यावर तयार झालेला 'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला.

लोकांना काय अपेक्षित असेल? कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्यांनी काहीतरी हलतं-बोलतं, सॉरी, नुसतं हलतं चित्र केलंय, बस. पडद्यावर भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा निघाला की प्रेक्षक हादरले आणि तो भाग कापायची वेळ आली. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना सुवर्णपदक आणि 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. शिवाय स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. फाळक्यांना पहिल्या पिक्चरच्या वेळी हेच जमलं नव्हतं, त्यांची तारामती पुरुष होती.

या कंपनीत दामले सगळं शिकले. सेट, कॅमेरा, लॅबमध्ये फिल्म धुणं. तिथेच त्यांची जोडी जमली शेख फत्तेलाल यांच्याशी. फत्तेलाल कागलचे, गवंडीकाम करणाऱ्या घरातले, हातात विलक्षण चित्रकला. त्यांना सगळे साहेबमामा म्हणत. दामलेमामा आणि साहेबमामा. १९२८ मध्ये दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. पण ओळख राहिली ती टेक्निकल माणसं म्हणूनच.

प्रभात, आणि आवाज नावाचा नवा त्रास

१ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच: शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. शांताराम दिग्दर्शन करणार, फत्तेलाल सेट उभे करणार, दामले मशिनरी बघणार अशी साधारण वाटणी.

दोन वर्षं होतात न होतात तोच मार्च १९३१ मध्ये मुंबईत 'आलम आरा' आला आणि पिक्चर बोलायला लागले. सगळ्या कंपन्यांचं जुनं ज्ञान एका रात्रीत अर्ध्या किमतीचं झालं. प्रभातमध्ये आवाजाची जबाबदारी दामल्यांवर आली. चाळिशीला टेकलेला माणूस, शून्यापासून नवीन टेक्नॉलॉजी शिकतोय. आपल्याकडे नवीन फ्रेमवर्क आलं की तिशीतली पोरं कुरकुरतात.

तर आवाज फिल्मवर यायचा कसा? माइकमध्ये आवाजाची वीज होते. ती वीज एका दिव्याच्या झोताला कमी-जास्त करते. तो झोत फिल्मच्या कडेला एका बारीक पट्ट्यावर पडतो. म्हणजे आवाज हा उजेडाच्या रूपाने फिल्मवर छापला जातो. थिएटरात याच्या उलट होतं: पट्ट्यातून उजेड जातो, पलीकडे फोटोसेल असतो, तो पुन्हा वीज करतो आणि स्पीकर वाजतो.

यात एक गंमत आहे. चित्रासाठी फिल्म थांबत-थांबत सरकली पाहिजे. आवाजासाठी ती अजिबात न थांबता, एकसारख्या वेगाने सरकली पाहिजे. एकाच पट्टीकडून दोन उलट्या मागण्या. म्हणून प्रोजेक्टरमध्ये चित्राची जागा वेगळी आणि आवाज वाचायची जागा वेगळी ठेवावी लागली, आणि फिल्मवर आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे वीस फ्रेम पुढे छापावा लागला. वेगही सेकंदाला २४ फ्रेम असा पक्का झाला, हाताने हँडल फिरवायचे दिवस संपले.

शूटिंगमध्ये तर आणखी गोंधळ. कॅमेराच खडखड करतो, तो आवाज माइक पकडतो. दिवे गुणगुणतात. आणि त्या सुरुवातीच्या बोलपटांत नटाने कॅमेऱ्यासमोर गाणं प्रत्यक्ष म्हणायचं, वादक चौकटीबाहेर लपून वाजवणार, आणि माइक कुठेतरी दडवायचा. नटाने मान वळवली की आवाज गेला. कल्पना करा, तुमचा व्हॉइस मेसेज भर बाजारात रेकॉर्ड करायचाय आणि फोन समोरच्या झाडात लपवलाय.

या सगळ्यातून ६ फेब्रुवारी १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला, पहिला मराठी बोलपट. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला हलली, मोठा स्टुडिओ बांधला. आज तिथे एफटीआयआय आहे.

त्याच १९३३ मध्ये प्रभातने एक मोठी उडी मारून बघितली. 'सैरंध्री' पुन्हा केला, या वेळी बोलका आणि रंगीत. रंगाचं काम जर्मनीत करून आणलं. रंगीत म्हटल्यावर अपेक्षा आभाळाला भिडलेल्या. पडद्यावर रंग भडक आणि बेढब आले आणि पिक्चर पडला. १९२० चा 'सैरंध्री' घरच्या कॅमेऱ्यावर होऊन गाजला आणि १९३३ चा जर्मन लॅबमधून येऊन आपटला. नाव तेच, कथा तीच.

'धर्मात्मा' पडला, आणि मग कुणाचं लक्ष नसलेला पिक्चर

'संत तुकाराम'कडून लोकांना फार आशा का नव्हती हे कळायला आधी 'धर्मात्मा' बघावा लागतो. १९३५ चा हा पिक्चर संत एकनाथांवर. दिग्दर्शक शांताराम, जे आदल्या वर्षीच्या 'अमृतमंथन'मुळे देशभर गाजत होते. आणि एकनाथ कोण? साक्षात बालगंधर्व. त्या काळात याहून मोठं कास्टिंग शक्यच नव्हतं. आधीचं नाव 'महात्मा' होतं, त्यावर सेन्सॉरने हरकत घेतली, ते बदलावं लागलं. आणि एवढं सगळं असून धंदा अपेक्षेइतका झालाच नाही. लोकांनी बालगंधर्वांना शालू नेसलेलं डोळ्यांत साठवलं होतं, ते पुरुषवेशात पचेनात. प्रभात आणि बालगंधर्व यांची भागीदारी त्या एकाच पिक्चरवर आटोपली.

आता लगेच पुढच्या वर्षी पुन्हा संतपट. दिग्दर्शक शांताराम नाहीत, दामले-फत्तेलाल. बोलपट दिग्दर्शित करायची दोघांची पहिलीच वेळ. तुकारामांवर आधीही पिक्चर येऊन गेलेले, म्हणजे विषयही कोरा नाही. आणि तुकाराम कोण? विष्णुपंत पागनीस. नाटकात स्त्री-भूमिका करणारे, चाळिशी ओलांडलेले नट. त्यांच्या हालचालीत जुना बायकीपणा दिसेल म्हणून खुद्द शांतारामांना ही निवड पसंत नव्हती. बरं, बालगंधर्वांचा अनुभव ताजा होता, तेव्हा शंका घेण्यात चूकही काही नव्हती. एक स्त्री-पार्टी संत म्हणून चालला नाही, दुसरा कसा चालेल? कागदावर हिशोब साफ विरुद्ध होता.

जिजाईच्या भूमिकेत गौरी. ही बाई प्रभातमध्ये आधी झाडलोटीच्या कामाला होती, मग घोळक्यातली लहानसहान कामं करत इथवर आलेली. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे, गीतं शांताराम आठवले.

एक गोष्ट इथे सांगतोच. वारकऱ्यांच्या तुकोबांवरचा पिक्चर एका ब्राह्मणाने आणि एका मुसलमानाने खांद्याला खांदा लावून केला, याचं बाहेरच्यांना फार नवल वाटतं. आमच्या कुरुंदवाडात गणेशोत्सवात काही मशिदींत गणपती बसतो, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. साहेबमामांनी उभं केलेलं देहू बघा. ते घर, ते अंगण, तो गोठा. ज्याने गवंड्याच्या घरात भिंती बघितल्यात त्याचंच ते काम आहे.

हेडफोन लावून बघा

पिक्चर नेटवर शोधलात तर मिळतो. प्रिंट जुनी आहे, खरखर आहे. पण पहिली काही मिनिटं हेडफोन लावून बघा, कारण दामल्यांचा सगळा अभ्यास तिथे ऐकू येतो.

सुरुवातीला तुकाराम अभंग गातो. साधा आवाज, हातवारे नाहीत, डोळे मिटलेले. कॅमेराही उगाच हलत नाही. मग तोच अभंग सालोमालो गातो, जो तुकारामाची रचना आपली म्हणून खपवतोय. तो ताना घेतो, हात नाचवतो, नाटकातल्या गवयासारखा आविर्भाव करतो. शब्द तेच. एकही संवाद न खर्चता तुम्हाला कळतं की खरा कोण आणि कॉपी-पेस्ट कोण. ही गोष्ट फक्त आवाजातून सांगितलेली आहे. मूकपटात ती सांगताच आली नसती. आणि ज्या दिग्दर्शकाला आवाज म्हणजे पिक्चरमध्ये गाणी टाकायची सोय एवढंच वाटतं, त्यालाही ती सुचली नसती.

याच पिक्चरमधलं एक गाणं, बीजापासून झाड होतं त्यावरचं, आठवल्यांनी लिहिलेलं आहे. ते तुकारामांच्या वळणाशी इतकं एकजीव झालं की पुष्कळ लोक आजही ते तुकोबांचा अभंग समजतात.

मग जिजाई. मला विचाराल तर पिक्चरची खरी जान तीच. नवरा देवाच्या नादी, घरात दाणा नाही, पोरगं आजारी. ती पोराला फरफटत देवळात नेते आणि हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारते. १९३६ साली, संतपटात! ती कैदाशीण वाटत नाही, कारण तिचं म्हणणं बरोबर आहे हे तुम्हाला आत कुठेतरी पटलेलं असतं. तिचं बोलणं, म्हशीशी वागणं, चुलीपुढे बसणं, सगळं गावातल्या खऱ्या बाईसारखं. अशा भूमिकेला नाटकातली नटी घेतली असती तर स्वर चढला असता.

चमत्कार तर भरपूर आहेत. धान्याच्या राशी पडतात, शिवाजी महाराजांना पकडायला आलेल्या सैनिकांना जिकडेतिकडे शिवाजीच दिसायला लागतो, इंद्रायणी बुडालेल्या वह्या परत देते, शेवटी विमान येतं. त्या काळी असे ट्रिक सीन करायचे ते फिल्मचा एक भाग झाकून एकदा शूट करायचं, फिल्म मागे फिरवायची, आणि झाकलेला भाग उघडून पुन्हा शूट करायचं. चित्र एकावर एक बसायला फिल्म नेमक्या त्याच जागी परत आली पाहिजे. पुन्हा तोच केसभर अचूकतेचा प्रश्न, जो दामल्यांनी विशी-पंचविशीत कानस हातात घेऊन सोडवला होता.

पण ट्रिक जमते म्हणून ती मिरवायची हा मोह त्यांनी टाळलाय. शेवट बघा. तुकाराम वैकुंठाला निघालाय, बायकोला चल म्हणतोय. आणि जिजाई? ती स्वयंपाकात आहे, पोरांना जेवायला घालायचंय. तिला कुठलं वैकुंठ. आकाशात चमत्कार चालू असताना दिग्दर्शकाचं लक्ष चुलीवर आहे. ज्याला मशीन काय करू शकतं हे नीट ठाऊक होतं, त्यालाच ते बाजूला ठेवणं परवडलं, असं मला तरी वाटतं. आजच्या कितीतरी महागड्या व्हीएफएक्सवाल्या पिक्चरमध्ये हाच धीर दिसत नाही.

५७ आठवडे

१२ डिसेंबर १९३६ ला मुंबईच्या सेंट्रल थिएटरात 'संत तुकाराम' लागला आणि सलग ५७ आठवडे चालला. म्हणजे वर्षाहून जास्त. १३१ मिनिटांचा पिक्चर. २४ च्या हिशोबाने जवळपास १ लाख ८९ हजार फ्रेम, साडेतीन किलोमीटरहून लांब फिल्म. तेवढी फिल्म दिवसातून अनेकदा, वर्षभर त्या मशीनमधून धावत होती. टीव्ही नाही, रिव्ह्यू अॅप नाही. एकाने दुसऱ्याला सांगायचं, बघून ये. गावोगावी ज्यांनी कधी थिएटरची पायरी चढली नव्हती असे लोक आले, आणि पडद्यावर पागनीस दिसले की हात जोडायचे असं सांगतात.

१९३७ मध्ये हा पिक्चर व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गेला आणि परीक्षकांनी त्याची खास दखल घेतली. परदेशातल्या महोत्सवात असा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय पिक्चरमध्ये त्याचं नाव घेतात. इटलीतल्या लोकांना विठोबा माहीत नव्हता, इंद्रायणी माहीत नव्हती. सालोमालोची कॉपी मात्र त्यांनाही कळली असणार.

पागनिसांना मग संत म्हणूनच बोलावणी यायला लागली: 'संत तुलसीदास' (१९३९), 'नरसी भगत' (१९४०). ज्या नटावर सगळ्यात जास्त शंका होती, तोच तुकोबांचा चेहरा होऊन बसला. १९४३ मध्ये ते गेले.

दामले-फत्तेलाल जोडीने पुढे 'गोपाळकृष्ण' (१९३८) केला, 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) केला. भिंत चालवणं, रेड्याच्या तोंडून वेद वदवणं, ट्रिकचं काम त्यात आणखी पुढे गेलं. मग राजा नेने यांच्यासह 'संत सखू' (१९४१). आता त्यांच्या पिक्चरकडून लोकांना भरपूर अपेक्षा असायच्या, आणि हे वेगळंच ओझं असतं. 'ज्ञानेश्वर' चांगला आहे, भव्य आहे, पण मला विचाराल तर 'तुकाराम'मधली ती जिजाई त्यात नाही.

१९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून गेले आणि कंपनीची घडी विस्कटायला लागली. ५ जुलै १९४५ ला पुण्यात दामले वारले, वय अवघं ५२. फत्तेलाल १९६४ पर्यंत होते. प्रभात पन्नाशीच्या दशकात बंद पडली आणि १९६० मध्ये त्या जागेत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

व्हेनिसहून आलेलं ते प्रशस्तिपत्र या सगळ्या उलथापालथीत कुठेतरी हरवलं. १९७४ मध्ये इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवर कचऱ्याच्या ढिगात सापडलं. त्याने ते तीस वर्षं जपून ठेवलं आणि मार्च २००४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यात दिलं.